एक होडी, सात सोंगं: एकाच फोटोशी खेळायला सुरुवात कशी करावी

१ जून ते ३१ जुलै आपल्या कोकण किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या पुळणीवर ओढून, झापांनी नाहीतर ताडपत्रीनं शाकारून ठेवलेल्या असतात. वारा असा की कॅमेरा पिशवीतून काढला की थोड्याच वेळात काचेवर खारट धुरकं बसतं. अशा दिवसांत पडवीत बसून करण्यासारखा एक उद्योग सांगतो. उन्हाळ्यात काढलेला एकच फोटो घ्यायचा आणि त्याला निरनिराळी सोंगं चढवायची. फोटो ‘सुधारायचा’ नाही, नुसता खेळ करायचा.

नव्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. तो ॲप उघडतो, फिल्टरवर बोट फिरवत बसतो आणि तासाभरानं त्याच्याकडे डझनभर फोटो असतात, सगळे एकमेकांचे चुलतभाऊ. कुठं थोडं पिवळं जास्त, कुठं थोडं गडद. आधी सोंग ठरवायचं आणि मगच बटणाला हात लावायचा, एवढं पाळलं तर अर्धं काम तिथंच होतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

काय काय लागेल

- मूळ फोटो, पूर्ण आकाराचा. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला नको.
- फोनवर स्नॅपसीड. गूगलचं आहे, फुकट आहे, सुरुवातीला पुरतं.
- संगणक असेल तर गिम्प. हेही फुकट. शिकायला वेळ लागतो, पण थर (एकावर एक ठेवलेली चित्रं) आणि मास्क (थरातला नको तो भाग झाकायची सोय) यांची खरी मजा इथंच.
- फोनमध्ये थोडी मोकळी जागा आणि मूळ फाइलची एक प्रत दुसरीकडे.
- कागद, पेन्सिल आणि चिठ्ठ्या. थट्टा करत नाही, पुढे लागणार आहेत.

ॲपच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांत बटणांच्या जागा आणि नावं थोडी इकडेतिकडे होतात. खाली दिलेलं बटण जिथल्या तिथं दिसलं नाही तर आजूबाजूला शोधा.

१. फोटो निवडा, पण फार देखणा नको

पहिला मोह होतो सूर्यास्ताचा. तो टाळा. सूर्यास्ताच्या फोटोत रंग आधीच ठरलेले असतात, सावल्या एकाच दिशेला पडलेल्या असतात आणि सूर्याच्या जागी नुसता पांढरा गोळा असतो. अशा फोटोला दुसरं काही व्हायला सांगितलं तर तो ऐकत नाही.

खेळायला उत्तम म्हणजे ढगाळ दुपारचा, जरा नीरस फोटो. उदाहरणासाठी मी जो धरतोय तो असा: दापोलीजवळच्या हर्णैच्या पुळणीवर ओढून ठेवलेली निळी होडी, तिच्या कडेला नारिंगी पट्टा, मागे करडं पाणी, त्यामागे सुवर्णदुर्गाची काळपट तटबंदी आणि वर पांढरट आभाळ. ग्रुपवर टाकला असता तर कुणी अंगठासुद्धा दाखवला नसता. पण त्यात तीन गोष्टी आहेत. जवळचं, मधलं आणि लांबचं असे वेगळे थर आहेत, ठळक रंग दोनच आहेत, आणि सावल्या जवळजवळ नाहीत. सावली नाही म्हणजे वेळ कुठलीही सांगता येते.

एक तपासणी मात्र करा. फोटो मोठा करून होडीच्या नाळेवरचे (पुढच्या टोकावरचे) रंगाचे पोपडे स्पष्ट दिसतात का ते बघा. मुळातच धूसर असलेला फोटो कुठल्याच सोंगात उभा राहत नाही.

२. मूळ फाइल जपा

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. दुसऱ्याकडून मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फाइल आहे तशी येते.

जेपेग (फोन फोटो साठवतो तो नेहमीचा, दाबलेला प्रकार) फाइल बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो. त्यातही जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. आभाळ जोरात ताणलं की या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसायला लागतात. फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपला तसाच कच्चा फोटो काढायची सोय असेल तर ती वापरा. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच जागी ४०९६ पायऱ्या मिळतात. नसेल तर जेपेगवरही खेळता येतं, फक्त फार ताणू नका.

नियम एकच: प्रत्येक सोंग मुळापासून सुरू करायचं. रात्रीच्या फोटोवर निळा रंग, त्यावर जुनाट फिल्टर असं चढवत गेलात तर शेवटी चिखल होतो. फाइलींना नावं नीट द्या: ‘होडी-००-मूळ’, ‘होडी-०१-रात्र’, ‘होडी-०२-निळी’. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ या नावांनी कुणाचं भलं झालेलं नाही. सेव्ह करताना नेहमी वेगळी प्रत करायचा पर्याय घ्या.

३. एक स्वच्छ पाया तयार करा

सगळ्या सोंगांना लागणारी साफसफाई एकदाच करून घ्या आणि ती प्रत ‘पाया’ म्हणून ठेवा. मुळापासून सुरू करायचं म्हणजे आता या पायापासून. आधी क्षितिज सरळ करा. डोंगर तिरका असला तर खपून जातो, समुद्र तिरका झाला की पाणी एका बाजूनं सांडेल असं वाटतं. मग काचेवरच्या खारट थेंबांचे डाग आणि पुळणीवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या ‘हीलिंग’नं काढा. दोरखंड, नांगर, वाळूवरच्या पावलांच्या खुणा राहू द्या. त्या काढल्या तर किनारा हॉटेलच्या जाहिरातीतला दिसतो.

इथं एक सापळा आहे. रात्री फोनचा पडदा पिवळसर करणारा ‘आय कम्फर्ट’ मोड आपोआप सुरू होतो. तो चालू ठेवून रंग लावले की सकाळी फोटो निळाशार निघतो. काम करताना तो बंद करा आणि पडद्याचा उजेड मध्यावर ठेवा. लाईट गेल्यावर अंधारात बसून रंग ठरवू नका. अंधारात सगळंच उजळ वाटतं.

४. आधी एक वाक्य लिहा

कागदावर प्रत्येक सोंगासाठी एक वाक्य. ‘अमावस्येला होडी एकटीच आहे.’ ‘पणजोबांच्या पेटीत सापडलेला फोटो.’ ‘किल्ल्यावर कुर्ली चढली आहे.’ वाक्य सुचत नसेल तर ते सोंग सोडून द्या. वाक्य हाताशी असलं की प्रत्येक बटणाला विचारता येतं, बाबा रे, तुझं इथं काय काम? बऱ्याच बटणांचं काही काम नसतं.

५. सोंगं

*पहिलं: फक्त कात्री.* रंगाला हात लावायचा नाही. एकाच फोटोतून तीन चित्रं कापा: किल्ला आणि पाण्याची आडवी लांब पट्टी, नाळेचा उभा तुकडा आणि पोपडे-दोरखंडाचा चौकोन. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा असतो. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केलीत तरी २००० × १५०० उरतात आणि ६ × ४ इंची छापील फोटोला १८०० × १२०० पुरतात. म्हणजे बिनधास्त कापा. पुष्कळदा या पहिल्याच सोंगात कळतं की चांगला फोटो कोपऱ्यात दडून बसला होता.

*दुसरं: दुपारची रात्र.* हे शिकण्यासारखं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. नुसता उजेड कमी केला तर रात्र होत नाही, काळवंडलेली दुपार होते. पांढरं आभाळ सगळं गुपित फोडतं. ‘कर्व्ह्ज’मध्ये जा, तिथं फोटोचा गडद-उजळपणा ठरवणारी एक तिरकी रेषा असते, तिचं उजवीकडचं वरचं टोक धरा आणि मध्यापर्यंत खाली ओढा. आता फोटोत पांढरं काही उरलंच नाही, आभाळ मंद करडं झालं. मग ‘व्हाइट बॅलन्स’ निळ्याकडे न्या आणि ‘सॅच्युरेशन’, म्हणजे रंगांचा भडकपणा, बरंच उतरवा.

आता नारिंगी पट्टा. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल-नारिंगी रंग निळ्याच्या आधी काळे दिसायला लागतात. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं. म्हणून ‘सिलेक्टिव्ह’चा ठिपका पट्ट्यावर ठेवा आणि तेवढ्याच भागाचा उजेड व रंग कमी करा. पट्टा विझला की एकदम रात्र वाटायला लागते. शेवटी हवं तर होडीत एक पिवळट उजेडाचा ठिपका द्या, बॅटरीएवढा. चंद्र मात्र चिकटवू नका. चंद्र आला की पाण्यात त्याची वाट दाखवावी लागते, होडीला सावली द्यावी लागते, आणि तिथंच सोंग उघडं पडतं. आभाळात पट्टे दिसले तर वरून ‘ग्रेनी फिल्म’ची बारीक रवाळ पूड भुरभुरवा, ते झाकले जातात.

*तिसरं: काळं-पांढरं, पण दोनदा.* ‘ब्लॅक अँड व्हाइट’ दाबून थांबू नका. आत रंगीत फिल्टर असतात. लाल निवडा: निळी होडी काळीकुट्ट होते, नारिंगी पट्टा जवळजवळ पांढरा, आणि लालसर जांभ्या दगडाचा गडगा चौकटीत असेल तर तोही उजळतो. आता निळा निवडा: होडी फिकट, पट्टा काळा, जांभा कोळशासारखा. होडी तीच, पण दोन वेगळ्या मालकांनी रंगवल्यासारखी दिसते. फिल्टर आपल्या रंगाचा उजेड आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो, एवढंच त्यामागचं कारण. फिल्मच्या जमान्यात लोक भिंगापुढे खरी लाल काच लावायचे, निळं आभाळ गडद करायला. आपलं आभाळ पांढरं आहे, त्यामुळे त्याला लाल काचेनं काडीचा फरक पडणार नाही. ‘व्हिडिओत दाखवलं तसं आभाळ का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

पणजोबांच्या पेटीतला फोटो हवा असेल तर निळा फिल्टर घ्या. अगदी जुन्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड दिसायचा, लाल दिसायचा नाही. उगाच ओरखडे आणि जळके कोपरे चढवण्यापेक्षा हे सोंग जास्त खरं वाटतं.

*चौथं: निळी छपाई.* जॉन हर्शेल यांनी १८४२ साली लोहाच्या क्षारांचा कागद उन्हात धरून, पाण्यात धुऊन निळे फोटो काढायची रीत शोधली. तिला सायनोटाइप म्हणतात. नक्कल सोपी आहे. फोटो काळा-पांढरा करा, त्याची प्रत सेव्ह करा, ती पुन्हा उघडून ‘कर्व्ह्ज’मध्ये फक्त निळा पट (फोटोतल्या निळ्या रंगाची वेगळी रेषा) निवडा आणि डावीकडचं खालचं टोक वर उचला. सगळ्यात गडद जागा काळी न राहता गर्द निळी झाली पाहिजे. मग त्याच निळ्या पटाचं उजवं टोक किंचित खाली घ्या, म्हणजे पांढऱ्यात कागदाचा मळकट पिवळेपणा येतो. बारीक तपशील हरवले तरी हरकत नाही.

*पाचवं: गंजिफा.* सावंतवाडीचे हातानं रंगवलेले गोल पत्ते तुम्ही पाहिले असतील. दशावतारी गंजिफात १० रंगांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात आणि पहिला अवतार मत्स्य, म्हणजे आपल्या होडीशी नातं आहेच. गिम्पमध्ये ‘पोस्टराइझ’ वापरून रंगांच्या पायऱ्या चार-पाचवर आणा, गोल कापा, भोवती लाल किंवा काळा पट्टा आणि आत बारीक पिवळी रेघ द्या. पोस्टराइझ केल्यावर आभाळात डाग उठतात, ते ब्रशनं एकाच सपाट रंगानं भरून टाका. हाताच्या कामात मोकळी जागा सपाटच असते. हे फक्त घरच्या मजेसाठी. गंजिफा म्हणून विकायला किंवा मिरवायला जाऊ नका. तो पत्ता रंगवणाऱ्या कारागिराची मेहनत वेगळी.

*सहावं: जाळ्यातून.* सुकत घातलेल्या जाळ्याचा फोटो पांढऱ्या आभाळावर काढा. स्नॅपसीडच्या ‘डबल एक्सपोजर’मध्ये होडीवर तो ठेवा आणि ‘डार्कन’ निवडा. पांढरं आभाळ नाहीसं होतं, फक्त काळे धागे उरतात. ‘लाइटन’ निवडलंत तर उलटं घडतं, गडद भाग जातो आणि उजळ भाग उरतो. हे लक्षात राहिलं की खिडकीवरचे पावसाचे थेंब, जांभ्याची भोकं, काहीही वर टाकता येतं. फक्त वरचा फोटो साधा हवा. दोन्ही भरगच्च असले की कशातच काही दिसत नाही.

*सातवं: किल्ल्यावरची कुर्ली.* लहान मुलं घरात असतील तर हेच आधी करा. कुर्लीचा (खेकड्याचा) फोटो ढगाळ उजेडातच काढा आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून काढलेली कुर्ली किल्ल्यावर कधीच बसत नाही, ताटात ठेवल्यासारखी दिसते. (फोटो झाला की तिचं पुढचं ठिकाण कालवण, त्याबद्दल वाद नाही.) गिम्पमध्ये तिला वेगळ्या थरावर घ्या, मास्कनं भोवतालचं पुसा आणि पाय तटबंदीच्या मागे लपवा.

तरीही ती चिकटवलेली दिसेल, आणि कारण तिच्या काळ्या रंगात सापडेल. लांबच्या वस्तूवर हवेचा, खाऱ्या धुक्याचा पडदा असतो. किल्ल्यातली सगळ्यात काळी जागा मोठी करून बघा, ती करडी निघेल. कुर्लीतला काळा तेवढाच करडा करा, रंग थोडे उतरवा, कडा किंचित मऊ करा. ती एकदम मैलभर मागे जाऊन बसते.

६. चिठ्ठ्यांचा खेळ

एकट्यानं करण्यात मजा आहे, चौघांनी करण्यात जास्त. सगळ्यांना तीच मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एका वाटीत चिठ्ठ्या टाका: ‘शिमगा’, ‘वैशाखातला उकाडा’, ‘भुताटकी’, ‘लग्नपत्रिका’, ‘गणपतीला तिकीट न मिळालेला चाकरमानी’. ज्याला जी येईल तिचं सोंग त्यानं काढायचं. आठवडाभराची मुदत द्या आणि सगळ्यांचं येईपर्यंत कुणी कुणाला दाखवायचं नाही. पहिला फोटो ग्रुपवर पडला की बाकीचे त्याच्याच वळणावर जातात. सगळे आले की चिठ्ठ्या न सांगता ओळखायला लावा. चाकरमान्याची चिठ्ठी भलती अवघड आहे. बहुतेक जण होडी लांब, लहान आणि फिकट करतात. एखादा वस्ताद होडीच पुसून टाकतो नि फक्त वाळूवरची तिची खाच ठेवतो.

७. बाहेर पाठवण्याआधी

वादळाचं सोंग जपून. जेट्टीवर फुटणारी ताडमाड लाट, काळंभोर आभाळ, असं काही तुम्ही गंमत म्हणून केलंत आणि ते जूनमध्ये ग्रुपवर सुटलं, तर दुपारपर्यंत मुंबईहून फोन यायला लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातल्या बागा आडव्या झाल्या, ते लोक अजून विसरलेले नाहीत. कुर्लीनं कुणी घाबरत नाही, लाटेनं घाबरतात. असा फोटो पाठवायचाच तर चित्रावरच ठळक अक्षरांत ‘गंमत’ असं लिहा. खाली लिहिलेली ओळ पुढे ढकलताना गळून जाते.

होडीवर नाव आणि नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. थट्टेच्या सोंगात तो पुसा. चेहरे असतील तर विचारल्याशिवाय वापरू नका. देवळातली मूर्ती, पालखी या खेळात आणू नका, कुणाला कधी लागेल ते सांगता येत नाही.

छापायचं ठरलं तर सगळी सोंगं आणि मूळ मिळून एकाच कागदावर घ्या. मूळ मधोमध, बाकीची भोवती. ए-थ्री कागदाला ३०० ठिपके प्रति इंच धरले तर साधारण ४९६० × ३५०८ ठिपक्यांची फाइल लागते. स्टुडिओवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे बजावून सांगा. नाहीतर त्याचं यंत्र तुमची रात्र पुन्हा दुपार करून देतं. कागद मॅट घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत चकचकीत प्रिंट एकमेकांना आणि फ्रेमच्या काचेला चिकटतात, आणि सोडवताना रंगाचा थर निघून येतो. फ्रेम केलीत तर काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ती लावू नका.